महाबोधी विहाराचा जीर्णोद्धार : पैसा कोणाचा आणि किल्ली कोणाची?

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभं राहून ज्याचं आयुष्य गेलं, असा मी एक साधा कामगार. शाळा सातवीला सुटली. पुढची शाळा म्हणजे आपल्या विहारातलं पुस्तकांचं कपाट आणि तिसरी पाळी संपल्यावर सकाळी उघडणारं वाचनालय. तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर धम्मबंधू-भगिनींनी सांभाळून घ्यावं.

संपादक मंडळाने मला सांगितलं की विहाराच्या इतिहासावर लिहा. पण हा इतिहास आपल्या बहुतेकांना तोंडपाठ आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी उभं राहून पाच-पाच, दहा-दहा रुपये वर्गणी गोळा केली. बायांनी डोक्यावरून विटा वाहिल्या. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, असं ते विहार उभं राहिलं. हे सगळं या स्मरणिकेत दुसऱ्यांनी लिहिलंच आहे. मला लिहायचं आहे ते वेगळ्या गोष्टीवर, कारण यंदा ती आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. विहाराच्या भिंतींना ओल आली आहे, पत्रे गळतात, आणि दुरुस्तीसाठी सरकारी निधी घ्यायचा की नाही यावर वस्तीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, "निधी मिळतोय तर घ्या, वर्गणीने किती होणार?" दुसरा म्हणतो, "सरकारचा पैसा आला की सरकारचा हातही येतो."

दोघांचंही खरं आहे. हाच प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी आपल्या सर्वांत पवित्र वास्तूच्या बाबतीत उभा राहिला होता. त्याचा निकाल कसा लागला, ते नीट समजून घेतलं तर आपल्याला आपला निर्णय घेता येईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

उरुवेला ते बोधगया

बिहारमधल्या गया शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर, निरंजना नदीच्या काठी बोधगया हे लहानसं गाव आहे. प्राचीन काळी त्याचं नाव उरुवेला. सिद्धार्थ गौतमाला इथे पिंपळाच्या झाडाखाली सम्यक संबोधी प्राप्त झाली. सम्राट अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर संबोधीच्या यात्रेला गेला, असं त्याने स्वतःच आपल्या शिलालेखात कोरून ठेवलं आहे. आज जे सुमारे ५० मीटर उंचीचं विटांचं मंदिर आपण पाहतो, ते मूळचं इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातलं. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग आला, तेव्हा त्याने हे उंच मंदिर पाहून वर्णन लिहिलं.

पुढे काळ फिरला. राजाश्रय गेला, आक्रमणं झाली. १२३४ मध्ये धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्खू तिथे पोचला, तेव्हा विहारात फक्त चार भिक्खू उरले होते. सैनिकांच्या भीतीने त्यांनी मूर्तीच्या पुढचं दार विटांनी चिणून टाकलं होतं, वर गिलावा केला होता आणि बाहेर दुसरी मूर्ती ठेवली होती. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. चार माणसं, आणि एवढ्या मोठ्या धम्माचं ओझं त्यांच्या खांद्यावर!

तरीसुद्धा परदेशी बौद्धांनी ही जागा विसरली नाही. ब्रह्मदेशच्या राजांनी माणसं आणि पैसा पाठवून मंदिराची डागडुजी केली. तेराव्या शतकाच्या शेवटी केलेल्या दुरुस्तीचा ब्रह्मी भाषेतला शिलालेख तिथे सापडला आहे. त्यानंतर मात्र काही शतकं कुणी वालीच राहिला नाही. १५९० च्या सुमारास घमंडी गिरी नावाचा शैव गोसावी तिथे येऊन राहिला आणि त्याच्यापासून महंतांची गादी सुरू झाली. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या गोसाव्याने तिथून कुणाला हाकललं असं दिसत नाही. जागा ओस पडली होती आणि ओस जागेवर तो बसला. धडा इथूनच सुरू होतो. आपण ज्या वास्तूत दिवा लावत नाही, तिथे दुसरा कुणीतरी लावतो आणि चार पिढ्यांनी ती त्याची वहिवाट होते.

मठ वाढला, जमिनी वाढल्या. मंदिर मात्र ढासळत गेलं. पडक्या वास्तूचे दगड-विटा आसपासच्या बांधकामांत गेल्या. प्राचीन दगडी कठड्याचे खांब खुद्द महंतांच्या मठाच्या बांधकामात वापरलेले कनिंगहॅमला आढळले. १८७६ मध्ये जुना बोधिवृक्षही वादळात कोसळला.

ब्रह्मदेशचा राजा आणि इंग्रज सरकार

या पडझडीच्या काळात पहिली हालचाल केली ती ब्रह्मदेशचा राजा मिंडॉन याने. मंदिराच्या दुरुस्तीसाठी त्याने इंग्रज सरकारकडे परवानगी मागितली. महंतांच्या संमतीने ती मिळाली आणि जानेवारी १८७७ मध्ये त्याचे अधिकारी बोधगयेत दाखल झाले. त्यांनी ढिगारे उपसले, भिंती बांधायला घेतल्या. श्रद्धा मोठी होती, पण जुन्या वास्तूची जाण कमी पडली. काय जपायचं आणि काय हलवायचं हे न पाहता साफसफाई सुरू झाली. तेव्हा बंगाल सरकारने राजेंद्रलाल मित्र या बंगाली विद्वानांना पाहणीसाठी पाठवलं. जुने पाये आणि अवशेष कसे नाहीसे होत आहेत, ते त्यांनी सरकारपुढे मांडलं. १८७८ मध्ये बोधगयेवर त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी मिंडॉन राजा वारला. १८८० मध्ये बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अॅशली ईडन यांनी ठरवलं की हा जीर्णोद्धार सरकारी खर्चाने करायचा. काम जे. डी. बेगलर या अभियंत्याकडे दिलं आणि सल्ल्याला पुरातत्त्व खात्याचे जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम होते. १८८४ पर्यंत काम चाललं. खर्चाचा आकडा सुमारे दोन लाख रुपये सांगितला जातो. त्या काळचे दोन लाख, बरं का!

मिंडॉन राजाच्या घराण्याचं पुढे काय झालं, ते आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला नको. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि मिंडॉनचा मुलगा थिबा याला कैद करून आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथला थिबा राजवाडा आपण सहलीत पाहतो. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. ज्या बापाने महाबोधीच्या दुरुस्तीला माणसं पाठवली, त्याचा मुलगा कोकणात कैदी म्हणून मेला. रत्नागिरीला जाल तेव्हा ही आठवण ठेवा.

जीर्णोद्धार कसा झाला

आता कामाकडे वळू. मंदिराचा पुढचा भाग ढासळलेला, शिखर मोडलेलं, गिलावा गळालेला. मूळ आकार कसा होता, हा मोठा प्रश्न होता. अशा वेळी ढिगाऱ्यात या मंदिराची एक लहानशी दगडी प्रतिकृती सापडली. पूर्वीच्या काळी कुणा श्रद्धावानाने ती घडवली असेल. त्या प्रतिकृतीचा आधार घेऊन बेगलरने काम पुढे नेलं. मुख्य शिखराभोवती चार कोपऱ्यांवर जी चार छोटी शिखरं आज दिसतात, ती या जीर्णोद्धारात पुन्हा उभी राहिली. कोसळलेल्या बोधिवृक्षाच्याच वंशातलं रोप तिथे वाढवलं गेलं. आज आपण ज्याच्या सावलीत बसतो तो हाच वृक्ष.

यावर टीकाही झाली. दुरुस्ती कमी आणि नवी बांधणी जास्त झाली, असं काही जाणकारांचं म्हणणं पडलं. माझ्यासारख्या गिरणी कामगाराला हे चटकन कळतं. धागा तुटला तर त्याच बॉबिनचा धागा जोडायचा असतो. दुसराच जोडला तर कापडावर गाठ दिसते. तरीही माझं मत असं की १८८० मध्ये हात लावला नसता, तर आज तिथे विटांची टेकडी उरली असती. बेगलर आणि कनिंगहॅम यांचे आपल्यावर उपकार आहेत, हे मानायला हरकत नाही. मात्र खोदकामात सापडलेल्या कितीतरी वस्तू तिथून गेल्या. काही कलकत्त्याच्या संग्रहालयात आहेत. वज्रासनाखाली सापडलेल्या पवित्र वस्तू तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन पोचल्या.

आणखी एक विचार करा. हे दोन लाख रुपये इंग्रजांनी विलायतेहून आणले नव्हते. बंगाल सरकारची तिजोरी म्हणजे शेतसारा, मिठावरचा कर, अफूचं उत्पन्न. बिहारचा शेतकरी अफूची शेती करत होता आणि चिमूटभर मिठावरसुद्धा कर देत होता. ज्या भुईया आणि मुसहर मजुरांना त्या काळी कुणी आपल्या पंगतीला बसवत नव्हतं, त्यांच्या मिठाचा पैसाही त्या शिखराच्या विटांत आहे. म्हणून सरकारी निधी म्हणजे कुणाची मेहेरबानी, असं मी कधी मानत नाही. तो आपल्याच घामाचा पैसा फिरून परत येतो.

इमारत उभी राहिली, हक्क मात्र अधांतरी

आता येते खरी गोष्ट. दोन लाख खर्च झाले, पण काम सुरू करण्यापूर्वी एक साधा प्रश्न कायमचा सोडवला गेला नाही. दुरुस्ती झाल्यावर ही वास्तू चालवायची कोणी? देखरेख सरकारची, वहिवाट महंतांची आणि श्रद्धा बौद्धांची, अशी तीन तोंडांची व्यवस्था राहिली.

२२ जानेवारी १८९१ रोजी श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल बोधगयेत आले. वय सव्वीस. मंदिर नवं झालेलं, पण धम्माचं कुणी नाही, हे पाहून त्यांनी तिथेच आयुष्य वाहून घेण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन झाली. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसवली. महंतांच्या माणसांनी ती उचलून बाहेर नेली. फौजदारी खटला झाला. गयेच्या मॅजिस्ट्रेटने मूर्ती हलवणाऱ्यांना शिक्षा दिली, पण कलकत्ता हायकोर्टाने त्याच वर्षी त्यांना सोडून दिलं. बौद्धांना पूजेची मोकळीक आहे, पण ताबा आणि देखरेख महंतांची, असा त्या निकालाचा मथितार्थ निघाला.

म्हणजे बघा, सरकारी पैशाने दुरुस्त झालेल्या, जगभरच्या बौद्धांच्या सर्वांत पवित्र ठिकाणी एक बुद्धमूर्ती ठेवायलाही बौद्धांना मुभा नव्हती! जीर्णोद्धाराच्या वेळीच व्यवस्थापनाचा करार झाला असता, तर हा खटला उभाच राहिला नसता, असं मला वाटतं.

धर्मपाल थांबले नाहीत. १९२२ ला गयेत काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यानंतर राजेंद्र प्रसाद यांच्याकडे हा विषय आला आणि हिंदू व बौद्ध यांच्या संयुक्त समितीची सूचना पुढे आली. २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथ येथे धर्मपालांचं निधन झालं. डोळ्यांदेखत त्यांना यश मिळालं नाही.

स्वातंत्र्यानंतर बिहार सरकारने १९४९ मध्ये बोधगया मंदिर कायदा केला. २८ मे १९५३ रोजी, वैशाख पौर्णिमेला, कारभार नव्या समितीकडे सोपवला गेला. समितीत चार बौद्ध, चार हिंदू, आणि अध्यक्ष गयेचा जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमायचा, असंही कायद्यात लिहिलं होतं. ही अट २०१३ मध्ये दुरुस्ती करून काढली. पण चारास चार आणि वर सरकारी अध्यक्ष, हे गणित तसंच राहिलं. हा कायदा संविधान अमलात येण्याच्या आधीचा आहे, हेही लक्षात घ्या. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली लिहिल्या गेलेल्या संविधानाचा अनुच्छेद २६ प्रत्येक धार्मिक संप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क देतो. त्यावर बोट ठेवूनच आपले लोक आजवर दाद मागत आले.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर या प्रश्नाला नवं बळ मिळालं, कारण भारतात बौद्ध आता चार उरले नव्हते, लाखो झाले होते. १९९२ मध्ये नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली महाबोधी मुक्तीचं मोठं आंदोलन झालं. गावोगावचे बौद्ध त्यात उतरले. २००२ मध्ये युनेस्कोने महाबोधी मंदिराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०१३ च्या जुलैत तिथे बॉम्बस्फोट झाले, आणि त्याच वर्षी थायलंडच्या उपासकांनी दिलेल्या सोन्याने शिखर मढवलं गेलं. शिखरावर सोनं चढलं, पण कायद्याचा प्रश्न खालीच राहिला. म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खूंनी पुन्हा उपोषण सुरू केलं आणि महाराष्ट्रातून माणसं गाड्या भरून तिकडे गेली.

मी स्वतः धम्मयात्रेत बोधगयेला जाऊन आलो. गिरणीतून रजा काढून, शिदोरी बांधून, दोन रात्री रेल्वेत बसून. बोधिवृक्षाखाली बसल्यावर डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारी ब्रह्मदेशची एक म्हातारी बाई फरशी पुसत होती. आपल्या ओढणीने! तिच्याकडे पाहून मला आपल्या वस्तीतल्या बाया आठवल्या.

आपल्या वस्तीतली गोष्ट

आता घरचं सांगतो. जुन्या मंडळींना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी विहाराशेजारी निधीतून एक सभामंडप झाला. आपण आनंदात होतो. नारळ फुटला, फोटो निघाले, मोठी पाटी लागली. पण कागद कुणी वाचला नाही. मंडपाची किल्ली एका कचेरीत राहिली. एका वैशाख पौर्णिमेला साहेब सुट्टीवर म्हणून कुलूप उघडलं नाही आणि आपण खीरदान रस्त्यावर केलं. लहान पोरं विचारत होती, "आत का नाही बसायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. त्याच कामात ठेकेदाराच्या माणसांनी विहाराच्या दर्शनी भिंतीतली संगमरवरी पाटी काढताना फोडली. पहिल्या दानदात्यांची नावं होती तिच्यावर. त्यात माझ्या आईचंही नाव होतं. तिने हातातली चांदीची पाटली मोडून पैसे दिले होते. आई आज नाही, आणि ती पाटीही नाही. ठेकेदार म्हणाला, "नवीन करून देऊ." पण कुणाकुणाची नावं होती ती यादीच कुणाकडे नव्हती. वज्रासनाखालच्या वस्तू लंडनला गेल्या त्याचं दुःख मला पुस्तकात वाचून झालं होतं. त्या दिवशी ते घरात येऊन बसलं.

मग काय करायचं?

माझं म्हणणं स्पष्ट आहे. निधी घ्यावा. तो आपला हक्क आहे आणि गळक्या पत्र्याखाली मुलांचा अभ्यासवर्ग चालवण्यात कसला स्वाभिमान? पण काम सुरू होण्याआधी चार गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत.

पहिली, जागा आणि इमारत कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा काढून सर्वांसमोर वाचावा. दुसरी, दुरुस्तीनंतर व्यवस्थापन आणि किल्ली विहार समितीकडेच राहील, असा लेखी करार आधी व्हावा. पाटी कुणाच्याही नावाची लागो. तिसरी, काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, मूर्तीचे, पाटीचे फोटो काढून नोंदवही करावी, आणि काय काढायचं ते आपल्या माणसासमोरच काढावं. चौथी, समितीत महिला मंडळाच्या किमान दोन भगिनी असाव्यात, कारण विटा त्यांनी वाहिल्या आहेत आणि रोजचा दिवाही त्याच लावतात.

आणि पाचवी गोष्ट कागदावरची नव्हे, आपल्या मनातली आहे. निधीतून भिंती होतील, पत्रे बदलतील, रंग लागेल. पण रोज संध्याकाळी वंदनेला दहा माणसं आली नाहीत, तर नव्या विहाराचंही बोधगयेसारखं व्हायला वेळ लागत नाही. तिथे शेवटी चारच भिक्खू उरले होते. आपल्या वस्तीत तर शेकडो घरं आहेत. आपल्या पोरांनी नोकरीच्या, मोबाइलच्या गडबडीतून आठवड्याला एक तास जरी विहारात दिला, तरी किल्ली आपल्याच हातात राहील.

आईच्या नावाची पाटी मी पुन्हा बसवणार आहे. ज्यांच्या आई-वडिलांची, आजी-आजोबांची नावं त्या जुन्या पाटीवर होती, त्यांनी ती आठवून माझ्याकडे किंवा समितीकडे लिहून द्यावीत. या वर्धापनदिनाच्या निमित्ताने एवढी एकच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!